तबकडी नवी घ्यावी की जुनी?

1. गावाची वर्गणी

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगावचे प्रौढ लोक रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसू लागले. ही गोष्ट त्याच काळातल्या एका लहान गावाची आहे.

त्या गावात भजनी मंडळ होते. मंडळाचे खजिनदार तात्या. तात्यांना शेतातले सारे कळत होते, पण अक्षर येत नव्हते. मोहिमेत ते शिकले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपले नाव लिहिले. तेव्हापासून मंडळाची वही ते स्वतः लिहू लागले.

गावचा बापू मुंबईला गिरणीत कामाला होता. त्याने एक जुना चावीचा ग्रामोफोन मंडळाला दिला. देवळाच्या ओसरीवर तो ठेवला. पण नुसत्या यंत्राचा उपयोग काय? जाते आणले, पण दळायला दाणे नाहीत, तशी गत झाली. तबकड्या घ्यायला हव्या होत्या.

मंडळाने वर्गणी काढली. कोणी चार आणे दिले, कोणी आठ आणे. देवळाशेजारच्या आजींनी पदराची गाठ सोडून एक रुपया दिला. त्या म्हणाल्या, "तात्या, आमच्या ह्यांनी मुंबईला असताना तुकोबांचा एक अभंग तबकडीवर ऐकला होता. घरी आल्यावर तोच गुणगुणायचे. ते गेले, अभंग राहिला. तेवढी तबकडी मिळाली तर बघ."

एकूण 24 रुपये जमले.

2. दोन मते

रात्री ओसरीवर बैठक बसली.

तात्या म्हणाले, "गावाचा पैसा आहे. नवंच घ्यावं. उद्या तबकडी बिघडली तर लोक मला धरतील."

बापू म्हणाला, "तात्या, चोरबाजारात जुन्या तबकड्या ढिगानं मिळतात. नव्या एकीच्या पैशात जुन्या चार येतील."

हिशेब सोपा जावा म्हणून आपण असे धरू, की नवी तबकडी 4 रुपयांना आणि जुनी 1 रुपयाला. मग 24 रुपयांत नव्या येतील 6 आणि जुन्या येतील 24.

"चोवीस!" पोरे ओरडली.

गुरुजी म्हणाले, "थांबा. चोवीस येतील, पण त्यांतल्या वाजतील किती? आपण बाजारात बैल घेतो, तेव्हा नुसती किंमत बघतो का? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. तबकडीचंही तसंच आहे. आधी तिची जात समजून घ्या."

3. तबकडीची जात

गुरुजींनी जी माहिती सांगितली, ती अशी.

त्या वेळी चावीच्या यंत्रावर वाजणारी तबकडी लाखेची असे. हीच लाख आपण बांगड्यांत पाहतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीक किडा असतो, त्याच्यापासून लाख मिळते. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळत. तापवून, दाबून तिची काळी तबकडी बनवत. ती काचेसारखी ठिसूळ असे. हातातून पडली की फुटली.

तबकडीवर एक बारीक चर असते. ती कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाते. गाण्याचा आवाज त्या चरीच्या वळणांत साठवलेला असतो. तबकडी फिरते, सुई चरीतून चालते, सुई थरथरते आणि त्या थरथरीतून गाणे पुन्हा उमटते.

अशी तबकडी एका मिनिटात 78 फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीनच मिनिटांचे गाणे मावते. तासभर रंगणारे गवई तीन मिनिटांत राग मांडायला शिकले, ते या तबकडीमुळे.

आपल्या देशात गाण्याची पहिली मोठी ध्वनिमुद्रणे 1902 साली कलकत्त्यात झाली. गेसबर्ग नावाचे गृहस्थ यंत्र घेऊन परदेशातून आले होते. गौहरजान या नामांकित गायिकेचे गाणे त्यांनी मुद्रित केले. गाणे संपले की गौहरजान आपले नाव मोठ्याने सांगत. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. गाणे कोणाचे ते तिथल्या कामगारांना कळायला हवे! पुढे 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला.

"आता मुद्द्याचं ऐका," गुरुजी म्हणाले. "सुई असते पोलादाची. तबकडीत असते दगडाची पूड. दोन्ही एकमेकींना घासतात. एक बाजू वाजली की सुई झिजली. ती फेकून नवी लावायची. पण कंजूष माणूस एकच सुई महिनाभर चालवतो. झिजलेली सुई चरीला खरवडते. तबकडी जुनी झाली म्हणून बिघडत नाही. ती कोणाच्या हातात होती, त्यावर तिचं आयुष्य असतं."

तात्यांनी मान हलवली. एखादे जुने औत चांगल्या घरचे असले, तर नव्यापेक्षा बरे चालते. हे त्यांना ठाऊक होते.

गुरुजींजवळ तबकड्यांचे एक जुने सूचीपत्र होते. त्यात आजींच्या अभंगाचे नाव सापडले. गुरुजींनी गायकाचे नाव आणि तबकडीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. तात्यांनी चिठ्ठी टोपीत ठेवली.

4. मुंबईचा बाजार

तात्या आणि बापू मुंबईला गेले. आधी ते नव्या तबकड्यांच्या दुकानात गेले. तबकड्या चकचकीत होत्या. आवाज स्वच्छ होता. तात्यांनी चिठ्ठी दाखवली. दुकानदार म्हणाला, "ही आता निघत नाही. बंद झाली."

मग ते चोरबाजारात मटण स्ट्रीटवर गेले. तिथे जुन्या तबकड्यांच्या चळतीच्या चळती होत्या. एक दुकानदार यंत्र लावून बसला होता. बापू भराभर तबकड्या उचलू लागला. तात्यांनी त्याचा हात धरला.

"अरे, गाडगं घेताना वाजवून घेतो ना आपण? ही पण वाजवून घेऊ."

आधी त्यांनी प्रत्येक तबकडी उन्हाकडे तिरपी धरून पाहिली. काही काळ्याभोर आणि चमकदार होत्या. काही राखेसारख्या करड्या पडल्या होत्या. करडी म्हणजे चर झिजलेली. त्या बाजूला सारल्या. मग कडेवरून बोट फिरवले. दोन तबकड्यांना केसासारखी चीर होती. एक तबकडी पापडासारखी वाकलेली होती. त्याही गेल्या.

राहिलेल्या त्यांनी यंत्रावर लावून ऐकल्या. दुकानदार सुरुवातीचाच भाग ऐकवून सुई उचलू लागला. तात्या म्हणाले, "शेटजी, शेवटपर्यंत जाऊ द्या. गाण्याचा जोर शेवटी असतो. झीज तिथंच कळते."

तेवढ्यात दुकानदाराने चळतीतून एक पाकीट काढले. "घ्या, तुम्हाला हवा तोच गायक. तीन रुपये."

पाकिटावर तेच नाव होते. बापूने खिशात हात घातला. तात्यांनी पाकिटातून तबकडी बाहेर काढली. मधल्या गोल कागदावर मराठीत छापलेले होते. त्यांनी बोट ठेवून एक एक अक्षर वाचले. मग टोपीतली चिठ्ठी काढली. क्रमांक ताडून पाहिला.

"शेटजी, पाकीट त्याचं आहे, पण आतला माल दुसराच आहे."

दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, "चुकून झालं असेल. जुन्या मालात पाकिटं बदलतात." त्याने चळत उपसली. अर्ध्या तासाने खरी तबकडी निघाली. नाव तेच, क्रमांक तोच.

दोन वर्षांपूर्वी तात्या इथे आले असते, तर चुकीची तबकडी घेऊन घरी गेले असते. त्यांना कळलेही नसते.

ती तबकडी लावली. अभंगाची बाजू चांगली वाजली. थोडी खरखर होती, पण शब्द न् शब्द स्वच्छ होता. दुसरी बाजू मात्र पार झिजलेली होती. तात्या म्हणाले, "एकच बाजू कामाची. दोन रुपये घ्या." सौदा पटला.

5. ओसरीवरचा हिशेब

गावी परतल्यावर बैठक बसली. पूर्वी हिशेब तोंडी होत असे आणि त्यावरून भांडणेही होत. या वेळी तात्यांनी वही उघडली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवली.

नव्या तबकड्या 3, दर 4 रुपये: 12 रुपये
जुन्या तबकड्या 7, दर 1 रुपया: 7 रुपये
आजींच्या अभंगाची जुनी तबकडी 1: 2 रुपये
सुयांच्या डब्या 2, दर 1 रुपया: 2 रुपये
एकूण खर्च: 23 रुपये
शिल्लक: 1 रुपया

"तीनच नव्या का?" एकाने विचारले.

"भूपाळी आणि आरती रोज पहाटे लावायची. रोजचा घास मजबूत भांड्यात हवा. त्या नव्या घेतल्या. बाकीच्या सणावारी लागतात. त्या जुन्या, पण वाजवून घेतल्या."

"आणि एका जुन्या तबकडीला दोन रुपये? ती पण एका बाजूनं गेलेली?" दुसऱ्याने खोचकपणे विचारले.

तात्या शांतपणे म्हणाले, "ती नवी मिळतच नाही. तिची एक बाजू खराब आहे, हे मी वहीत लिहिलंय. लपवलेलं नाही. गावाला पटत नसेल, तर एक रुपया माझ्याकडून घ्या."

कोणी काही बोलले नाही. गुरुजींनी नवी सुई लावली. बापूने चावी दिली. अभंग सुरू झाला.

आजी खांबाला टेकून ऐकत होत्या. तबकडी संपली. सुई मधोमध खरखरत राहिली, तरी ती उचलायचे कोणाला सुचेना.

मग आजी म्हणाल्या, "असंच म्हणायचे. फक्त ते दुसरी ओळ चुकायचे."

सगळे हसले. आजीही हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

6. आज काय करावे?

लाखेच्या तबकड्या आता बनत नाहीत. आपल्या देशात 1970 च्या सुमारास त्या बंद पडल्या. आता त्या जुन्याच मिळतात. नंतर प्लास्टिकच्या मोठ्या तबकड्या आल्या. त्या मिनिटाला सुमारे 33 फेरे घेतात आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास वाजतात. पुढे कॅसेट आली, सीडी आली. आता गाणे मोबाईलवर ऐकू येते. तरी हौशी लोकांसाठी प्लास्टिकच्या नव्या तबकड्या पुन्हा निघू लागल्या आहेत. त्या महाग असतात. म्हणून नवी की जुनी, हा प्रश्न आजही येतो.

जुन्या तबकड्यांचे एक मोल पैशात मोजता येत नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँ 1937 साली वारले. बालगंधर्व 1967 साली गेले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, तो तबकड्यांमुळे. घराच्या माळ्यावर तबकड्या सापडल्या, तर भंगारात टाकू नका. आधी नाव वाचा. जाणकाराला दाखवा.

लक्षात ठेवा

1. जे रोज लागते आणि नवे मिळते, ते शक्यतो नवे घ्यावे. जे क्वचित लागते, ते पारखून जुने घेतले तरी चालते. जे नवे निघतच नाही, ते जुनेच घ्यावे लागते.
2. आपले यंत्र कोणते ते आधी पाहा. चावीच्या यंत्राची पोलादी सुई प्लास्टिकच्या तबकडीवर लावू नका. तबकडी कायमची खराब होते.
3. पाकिटावर विसंबू नका. तबकडीवरचे नाव आणि क्रमांक वाचा.
4. उजेडात पाहा. करडेपणा, चीर आणि वाक तपासा. मग दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका.
5. तबकड्या उन्हात ठेवू नका. वहीसारख्या उभ्या ठेवा. मऊ कापडाने चरीच्या दिशेने पुसा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

प्रश्न

1. तात्यांनी तीन तबकड्या नव्या का घेतल्या?
2. पाकिटातली तबकडी दुसरीच आहे, हे तात्यांनी कसे ओळखले?
3. सुई प्रत्येक वेळी का बदलावी?
4. सगळ्या 24 रुपयांच्या जुन्या तबकड्या घेतल्या आणि त्यांतली दर तिसरी खराब निघाली, तर चांगल्या किती उरतील? एक चांगली तबकडी कितीला पडेल?
5. तुमच्या घरी शेवटची जुनी वस्तू कोणती घेतली? ती घेताना काय काय तपासले? पाच ओळी लिहा.

नवे शब्द

तबकडी: ज्यावर गाणे साठवलेले असते ती गोल थाळी, रेकॉर्ड
ध्वनिमुद्रण: आवाज साठवून ठेवणे
सूचीपत्र: मालाची छापील यादी
ठिसूळ: चटकन फुटणारे
पारखणे: नीट तपासून गुणदोष ओळखणे