ट्रायथलॉनचा सराव आणि दुखापतीपासून बचाव



पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकामागोमाग एक, मध्ये न थांबता पूर्ण करायचे, या स्पर्धेला ट्रायथलॉन म्हणतात. आज आपण तिचा सराव कसा करावा आणि दुखापत कशी टाळावी, हे पाहूया.

थोडी ओळख

१९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आहे. २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा झाली आणि आपल्याकडेही या खेळाची चर्चा वाढली. प्रमुख अंतरे अशी आहेत:

• स्प्रिंट: ७५० मीटर पोहणे, २० किमी सायकल, ५ किमी धावणे
• ऑलिंपिक: १.५ किमी, ४० किमी, १० किमी
• आयर्नमॅन ७०.३: १.९ किमी, ९० किमी, २१.१ किमी
• आयर्नमॅन: ३.८ किमी, १८० किमी, ४२.२ किमी

नवीन माणसाने सुरुवात स्प्रिंटपासूनच करावी.

दुखापत का होते?

आपल्याला वाटतं, दुखापत म्हणजे पडणे, आपटणे. पण ट्रायथलॉनमधल्या बऱ्याच दुखापती पडून होत नाहीत. एकाच जागेवर रोज थोडा थोडा ताण येतो, त्या जागेला भरून यायला वेळ मिळत नाही, आणि एक दिवस ती जागा बोलायला लागते.

यामागचं कारण नीट समजून घ्या. सराव सुरू केला की काही आठवड्यांतच दम वाढतो. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात. पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन यांना कित्येक महिने लागतात. म्हणजे दम म्हणतो "अजून पळ", आणि नडगीचं हाड मात्र अजून तयार नसतं. उत्साही माणूस नेमका इथेच फसतो.

मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीला टेकले असताना, झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली. पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, हे विसरू नका. त्यांचं वय पाहून हुरूप घ्यावा, पण त्यांच्या अंतराची नक्कल पहिल्याच वर्षी करू नये.

सराव किती वाढवावा?

आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असा एक ठोकताळा आहे. गणित करून बघा. आठवड्याला १० किमी धावणारा पुढच्या आठवड्यात ११ किमी, मग १२.१ किमी धावेल. असं करत २० किमी ओलांडायला त्याला आठ आठवडे लागतील. चक्रवाढ व्याजासारखंच आहे हे! शिवाय दर चौथा आठवडा हलका ठेवावा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. झोपेत शरीराची दुरुस्ती होते, म्हणून पहाटे उठायचं असेल तर रात्री लवकर झोपायलाच हवं.

प्रत्येक प्रकारातील काळजी

१) पोहणे: एकदम अंतर वाढवलं किंवा हात डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला गेला, की खांदा दुखतो. आधी पद्धत सुधारा, मग अंतर वाढवा.

२) सायकल: सीट खूप खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. खूप वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हेल्मेट तर हवंच.

३) धावणे: तिन्हींमध्ये धावण्याची जास्त काळजी घ्यावी, कारण प्रत्येक पावलाचा दणका पायांवर बसतो. लांब ढांगा टाकू नका, लहान आणि भरभर पावले टाका. सायकलवरून उतरल्यावर पाय जड वाटतात, त्याची सवय म्हणून आधी १० मिनिटेच धावा.

आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. त्याने मांड्या आणि पोटऱ्या मजबूत होतात.

कोणतं दुखणं साधं, कोणतं धोक्याचं?

दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि दोन दिवसांत बरं वाटत असेल, तर ते सरावाचं दुखणं आहे. पण एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं हाड दुखत असेल, धावताना दुखणं वाढत असेल, लंगडत चालावं लागत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी खाऊन धावायला जाऊ नका. दुखणं ही शरीराची सूचना आहे, ती गोळीने फक्त ऐकू येईनाशी होते. वेळेवर दोन आठवडे थांबलेला माणूस पुन्हा धावतो. न थांबलेल्याचे महिने वाया जातात.

पालकांसाठी दोन शब्द

वाढत्या वयात मुलांच्या हाडांची टोके अजून कोवळी असतात. म्हणून मोठ्यांची अंतरे त्यांच्यावर लादू नयेत. त्यांना पोहू द्या, सायकल चालवू द्या, खेळू द्या. पदक नंतरही मिळेल, गुडघे मात्र जन्मभर वापरायचे आहेत.

स्वाध्याय

१) दम वाढला तरी लगेच अंतर का वाढवू नये?
२) आठवड्याला १५ किमी धावणाऱ्याने पुढच्या आठवड्यात जास्तीत जास्त किती धावावे?
३) धोक्याच्या दुखण्याची तीन लक्षणे लिहा.