सिकलसेल : चूक तशीच, इलाज नवा
हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं, 'ए'च्या जागी 'टी'. आई-बाप दोघांकडूनही अशीच प्रत आली, की सिकलसेल. प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. वेदना तिथून सुरू होतात.

मग क्रिस्परनं ते अक्षर दुरुस्त केलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं मंजूर केलेली 'कॅसजेव्ही' त्या अक्षराला हातच लावत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळीच नसते. जन्मानंतर बीसीएल११ए या जनुकामुळे ते बनणं जवळजवळ थांबतं. रुग्णाच्याच स्टेम सेल्स बाहेर काढून त्यांतला या जनुकाचा, तांबड्या पेशींपुरता चालणारा स्विच कापतात. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. चूक राहते, तिचा जोर ओसरतो.

पेशी परत सोडण्याआधी मात्र जबर केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! झाबुआ-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरही हा आजार आहे. तिथं आज हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळालं तरी पुष्कळ. गंमत बघा, हे जुनं, स्वस्त औषधही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं.