गंजलेले नट कसे सोडवावे

पावसाळा उलटला कीं नांगराचे व ट्रॅक्टरचे नट जाम होतात. लोखंडापेक्षां त्याच्या गंजास जागा अधिक लागते, म्हणून आटे आवळले जातात. पान्याला नळी अडकवून जोर केल्यास बोल्टच तुटतो. आटे तारेच्या ब्रशानें घासून पातळ तेल सोडावें व रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्यावे, म्हणजे गंज फुटून तेल आंत शिरतें. मग नट प्रथम किंचित् आवळावा (हें विपरीत वाटेल खरें) व नंतर सैल करावा. अडल्यास पुन्हां मागें फिरवावा. इतक्यानेंही न हलल्यास, तेल पुसून, नटच तापवावा. तो प्रसरण पावून पकड सोडतो. मात्र चाकाच्या नटास ज्योत कदापि लावूं नये. हवा भरलेला टायर तापून फुटतो व जवळच्या मनुष्याच्या जिवावर बेततें. नांगराचे बोल्ट पुन्हां बसवितांना आट्यांस ग्रीस लावावें.