चावा दिसतो, गुडघा दिसत नाही

कुत्रा अंगावर आला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चावला का?" नाही म्हटलं की विचारणारा निर्धास्त. मलाही घरीदारी हेच ऐकायला मिळालं, "दात लागला नाही ना, मग वाचलात!" माझ्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट मात्र तेव्हाच तुटलं होतं. आमच्या म्हसळ्यात चढउताराच्या वाटा आणि भटकी कुत्री दोन्ही रोजचीच, म्हणून हे सांगते.

पावसाळ्याची सकाळ होती. शेवाळलेली पाखाडी उतरत होते. गडग्याआडून दोन कुत्री भुंकत आली आणि एक पोटरीवर झेपावलं. मी गर्रकन वळले. पाऊल चिऱ्यांच्या फटीत अडकलेलं, अंग मात्र फिरलं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि मी मटकन खाली बसले. दुपारपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, गोळ्या मिळाल्या. सूज ओसरली, चालता येऊ लागलं. पुढे उतारावर गुडघा अचानक सटकायला लागला. शेवटी एमआरआयमध्ये निदान झालं : गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट पूर्ण तुटलंय.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा फुगला, तर बहुधा सांध्याच्या आत रक्तस्राव झालेला असतो. 'कट्' आवाज, झपाट्याने आलेली सूज आणि पाय टेकताना गुडघ्याने दिलेला दगा, यांतलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडून गुडघा हाताने तपासून घ्या. मोठं कुत्रं बाहेरून गुडघ्यावर आदळलं तर आतल्या बाजूचं लिगामेंट ताणतं. ते बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामाने भरून येतं. एसीएल पूर्ण तुटलं की सहसा आपणहून जुळत नाही. तरी प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही; मांडीचे स्नायू बळकट केले की अनेकांचं रोजचं चालणं सुधारतं. शस्त्रक्रिया केलीच, तर धावण्या-उड्या मारण्याच्या खेळाकडे वळायला साधारण ९ महिने तरी द्यावे लागतात. सटकणारा गुडघा तसाच रेटला तर आतली गादीही फाटते.

पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पाय उशीवर, आधाराला काठी. पाऊल गार किंवा बधिर पडलं तर १०८ला फोन करा. रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते.

दात किंवा नख लागून कातडी फाटली असेल तर सूज नंतर, जखम आधी. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कातडीत टोचायच्या रेबीजच्या लशीच्या मात्रा ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी असतात. एकही चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल स्वतःहून विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्रं धावून आलं तर पळू नका, लाथ मारू नका. लाथ मारताना सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर येतो आणि तोच पिळला जातो. उभे राहा, नजर बाजूला वळवा, छत्री किंवा पिशवी मध्ये धरा आणि हळूहळू मागे सरका. दुचाकीवर असाल तर वेग वाढवू नका, पाय बाहेर काढू नका.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३च्या केंद्रीय नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. त्यासाठी वाडीवाडीतून लेखी अर्ज द्या. आणि कुणी "कुत्रं अंगावर आलं" असं सांगत आलं, तर "चावलं का?" एवढ्यावर थांबू नका. "पाय नीट टेकतोय ना?" हेही विचारा.