ग्रंथापुढे मस्तक नमविणे

पुस्तकाला चुकून पाय लागला, तर दुधनीच्या शाळेतील मूलही ते उचलून कपाळाला लावते. हे त्याने घरी पाहिलेले असते. शिक्षकबंधुभगिनींनी पाठाचा आरंभ याच ओळखीच्या कृतीपासून करावा.

नंतर नकाशात नांदेड दाखवावे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह यांनी १७०८ साली तेथे देह ठेवला. आपल्यामागे कोणा मनुष्यास गुरू न मानता ग्रंथासच गुरू मानावे, अशी त्यांची आज्ञा शीख परंपरा सांगते. म्हणून गुरुद्वारात जाणारा भाविक जोडे बाहेर काढतो, मस्तक झाकतो आणि गुरू ग्रंथसाहिबापुढे कपाळ जमिनीस टेकतो. यास ‘मत्था टेकणे’ म्हणतात. ग्रंथ उंच आसनावर, छताखाली ठेवून त्यावर चवरी ढाळतात. पहाटे तो उघडतात व रात्री मिटून आदराने विश्रांतिस्थानी नेतात.

“मग ही मूर्तिपूजाच नव्हे काय?” असे एखादा विद्यार्थी विचारील. तो प्रश्न दडपू नये. नमन कागदास नसून त्यातील वचनास आहे, अशी शीख धर्माची शिकवण आहे. म्हणूनच नमन करून भाविक खाली बसतो व पाठ-कीर्तन ऐकतो. ग्रंथ उघडताच समोर येणारे वचन तो गुरूचा ‘हुकूम’ मानतो.

पाठाचा गाभा आता येतो. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. देवळात भक्ती करीत असता हीन जातीचा म्हणून आपणांस उठविले, ही व्यथा त्यांतील एका पदात आहे. ज्यास उठविले, त्याच्या शब्दांपुढे आज श्रीमंत व गरीब सारखेच वाकतात, एकाच जमिनीवर बसतात आणि लंगरात एकाच पंगतीस जेवतात. पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील नामदेव पायरीवर वारकरी पाय देत नाहीत, तिला नमस्कार करतात. हे साम्य मुलांकडूनच काढून घ्यावे.

हा पाठ देण्यापूर्वी आपल्या वर्गात कोणाची बसण्याची जागा किंवा पाण्याचे भांडे वेगळे नाही ना, हे शिक्षकांनी स्वतः पाहावे. तसे असेल तर मुले नमस्कार तेवढा शिकतील, वचन शिकणार नाहीत.

स्वाध्याय : (१) शीख भाविक ग्रंथास गुरू का मानतात? (२) नमन केल्यावर तो खाली का बसतो? (३) तुमच्या घरी कोणत्या ग्रंथास नमस्कार करतात? त्यातील एक गोष्ट वडीलधाऱ्यांस विचारून वर्गात सांगा.