स्क्रीन प्रिंटिंग शंका-समाधान : गच्चीवरचं ऊन आणि ट्यूबची पेटी

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एक्सपोजरबद्दल आहेत. लग्नसराई संपली की दुकानदाराच्या हातात थोडे पैसे असतात आणि डोक्यात नवं यंत्र असतं, त्याचा हा परिणाम असावा. जळकोटच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे. त्यातली अडचण बहुतेक दुकानांत आहे, फक्त फारसं कुणी ती इतकी नेमकी लिहीत नाही.

शंका : आमचं दुकान जळकोटला, सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागून आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, कापडी पिशव्या अशी कामं करतो. वडिलांच्या काळापासून स्क्रीन गच्चीवर उन्हात एक्सपोज करायचो. मागच्या वर्षी आठ ट्यूबची पेटी घेतली. तेव्हापासून बारीक रेघा उमटत नाहीत, वेलांट्या तुटतात, अनुस्वार तर गायबच होतात. वेळ साडेतीन मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणला तर रेघ उघडते, पण दोन-तीनशे पत्रिका झाल्या की इमल्शन सुटायला लागतं. आता मेटल हॅलाइड घ्यावं की एलईडी? की पेटी विकून पुन्हा गच्चीवर जावं?

समाधान : पाकिटावर तुळजापूर तालुका लिहिलंत हे बरं केलंत, नाहीतर माझं उत्तर लातूरच्या जळकोटला गेलं असतं.

गच्चीवर जाऊ नका. पण गच्चीवर काम चांगलं का व्हायचं हे आधी समजून घ्या. तुमचं पुढचं यंत्र कोणतं असावं, ते त्यातूनच ठरणार आहे.

सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून त्याचे किरण पॉझिटिव्हवर जवळजवळ एकाच दिशेने पडतात. काळी रेघ आणि इमल्शन यांत थोडी फट राहिली, तरी सरळ किरण रेघेखाली शिरत नाहीत. ट्यूबच्या पेटीत आठ लांब नळ्या काचेला खेटून असतात आणि काचेच्या प्रत्येक बिंदूवर उजेड सगळीकडून येतो. काही किरण पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरपे येतात. आता हिशेब करा. पॉझिटिव्हची फिल्म साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. छापील बाजू चुकून वर राहिली, तर शाई आणि इमल्शन यांत तेवढी फट पडते. तिरपा किरण फिल्ममध्ये शिरताना थोडा सरळ होतो, तरी या फटीतून एका बाजूने सुमारे ०.०५ मिलिमीटर आत घुसतो, दुसऱ्या बाजूनेही तेवढाच. म्हणजे पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेची ०.१ मिलिमीटरची रेघ पूर्ण बुजली. उन्हात त्याच फटीतून होणारी घुसखोरी अर्ध्या मायक्रॉनलाही पोचत नाही. वर्षानुवर्षं तुमच्याकडून पॉझिटिव्ह उलटी लागत असेल किंवा दाब कमी पडत असेल, तर उन्हाने ती चूक झाकली. ट्यूबने ती उघडी पाडली.

आपल्या लिपीला हा रोग जास्त भोवतो. इंग्रजी अक्षराची एखादी कड झिजली तरी ते वाचता येतं. ‘चि. सौ. कां.’ मधला अनुस्वार गेला, की मुलीकडची मंडळी पत्रिकेचा गठ्ठा घेऊन दुकानात परत येतात.

तेव्हा दिवा बदलण्याआधी दोन संध्याकाळी एवढं करा. फिल्म इमल्शनवर ठेवल्यावर तिची शाईची बाजू इमल्शनला टेकली पाहिजे. त्यासाठी प्रिंट आरशासारखी उलटी काढावी लागते. पॉझिटिव्ह बटर पेपरवर काढत असाल, तर ती ट्यूबवर धरून बघा. काळ्या भागातून उजेडाचे ठिपके दिसले, तर वेळ वाढवली की तेवढाच उजेड काळ्या रेघेतून गळणार, मग इलाज उरत नाही. पत्रिकेच्या कामाला तरी फिल्मचा खर्च करा.

मग दाब. तुमच्या पेटीला झाकण आणि फोम आहे, व्हॅक्यूम नाही, असं पत्रावरून वाटतं. पातळ कागदाच्या पट्ट्या पॉझिटिव्ह आणि जाळी यांच्यामध्ये चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी घाला, झाकण दाबा आणि पट्ट्या ओढून पाहा. मधली पट्टी अलगद निघाली, तर तुमची अडचण तिथंच आहे. फोम कडांना दाबतो, मध्ये पोकळी सोडतो. या धंद्यात जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलट्या कामाला लावून हवा ओढायचा जुगाड अनेकांनी केला आहे, आणि तो चालतो. फक्त फ्रिजवाल्याकडून आतला गॅस रीतसर काढून घ्या, रबराची चादर मऊ घ्या आणि फ्रेमच्या कडेने एक दोरी टाका, म्हणजे चादर फ्रेमला चिकटून मधली हवा कोंडणार नाही. पंप सुरू केल्यावर लगेच दिवा लावू नका. चादर जाळीच्या पाठीला बसेपर्यंत थांबा.

हे झालं की वेळ शोधा. साडेतीन मिनिटं हा आकडा कुठून आला? बहुधा पेटी विकणाऱ्याने सांगितला. त्याचं इमल्शन वेगळं, जाळी वेगळी. एका स्क्रीनवर पुठ्ठा सरकवत ३०-३० सेकंदांच्या आठ पायऱ्या करा. इमल्शनमध्ये डायझो असेल, तर तो स्वतःच उत्तर देतो. कमी उजेड मिळालेली पट्टी पिवळट राहते, पुढच्या पट्ट्या फिकट होत जातात आणि एका पट्टीनंतर रंग बदलायचा थांबतो. तिथं डायझो संपला, तोच पूर्ण वेळ. निव्वळ फोटोपॉलिमर इमल्शनमध्ये हा रंगाचा खेळ दिसत नाही. तिथे धुताना आतली बाजू बोटाला बुळबुळीत लागते का, ते पाहा. एकवीस पायऱ्यांची ग्रे स्केल मिळाली तर उत्तम. सातवी पायरी पक्की राहायला हवी. पाचवीच राहिली तर वेळ दुप्पट करा, कारण दोन पायऱ्यांत उजेड दुप्पट होतो.

तुमची ‘रेघ हवी की टिकाऊपणा’ ही ओढाताण याच जागी सुटते. पूर्ण वेळ दिल्यावर रेघ बुजत असेल, तर दोष वेळेत नाही, फटीत आहे. वेळ कापून रेघ वाचवायची सवय सोडा. तुमच्या दोन-तीनशे पत्रिकांनंतर इमल्शन सुटतं ते याचमुळे.

जाळी पांढरी आहे की पिवळी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पांढरा धागा उजेड आडवा पसरवतो. १२० च्या पुढची बारीक जाळी पिवळीच घ्या. वेळ जास्त लागेल, दीडपट ते दुप्पट धरा, पण कड स्वच्छ येईल.

एवढं करूनही रेघ बुजलीच, तर दिवा बदला. माझं मत विचाराल तर पेटी विकू नका. काच आणि व्हॅक्यूमचं झाकण ठेवा, ट्यूब काढा, खालचा सांगाडा उंच करा आणि तळाला एकच दिवा लावा. चित्राच्या कर्णाएवढं अंतर हवं. १२ बाय १८ इंचांच्या चित्राला सुमारे २२ इंच. अंतर वाढवलं तर वेळ वर्गाच्या हिशेबाने वाढते. २२ चे ३३ इंच केले की सव्वादोनपट. ट्यूबच्या पेटीला हा नियम लावू नका. ट्यूब थोड्या खाली नेल्याने किरण सरळ होत नाहीत, नुसती वेळ वाढते.

शंका : ऑनलाइन शंभर वॉटचा यूव्ही एलईडी फ्लड स्वस्त दिसतो. तो एक्सपोजरला चालेल का? (उमरगा)

समाधान : चालेल, पण आत काय आहे ते बघून घ्या. एका इंचाच्या चौकोनात सगळ्या चिप दाटीने बसवलेला दिवा बावीस इंचांवरून जवळजवळ बिंदूसारखाच वागतो. पट्टीभर पसरलेले पन्नास सुटे ठिपके असतील, तर ती दुसरी ट्यूबची पेटीच झाली. दिव्याभोवतीचा चकचकीत परावर्तक काढा किंवा काळा करा. त्याने उजेड वाढतो, पण बिंदू मोठा होतो.

दुसरं म्हणजे उजेडाची तरंगलांबी. असे बहुतेक दिवे ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरचे असतात. फोटोपॉलिमर इमल्शनला ते मानवतात. निव्वळ डायझोला ३७० च्या आसपासचा उजेड जास्त आवडतो, त्याला वेळ लागेल. इमल्शनच्या डब्यावरची माहिती वाचा, नसेल तर विक्रेत्याकडे मागा.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. एकाच दिव्याखाली कोपऱ्यांना मध्यापेक्षा सुमारे तिसरा हिस्सा उजेड कमी मिळतो. म्हणून पायऱ्यांची चाचणी मध्यभागी एक आणि कोपऱ्यात एक अशी दोनदा करा आणि वेळ कोपऱ्याची धरा. जांभळा उजेड मंद वाटतो म्हणून त्याकडे टक लावून बघू नका.

शंका : पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली यूव्ही ट्यूब एक्सपोजरला वापरता येईल का? आमच्याकडे दोन पडून आहेत. (अणदूर)

समाधान : नाही. ती ट्यूब २५४ नॅनोमीटरची, जंतू मारण्यासाठी केलेली असते. तो उजेड साध्या काचेतून जात नाही, म्हणजे तुमच्या इमल्शनपर्यंत पोचणारच नाही. मात्र पेटी उघडी राहिली, तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ होईल, कातडी भाजेल, आणि हे तेव्हा नाही तर काही तासांनी कळेल. रस्त्यावरच्या दिव्यांतला जुना मर्क्युरी बल्ब बाहेरची काच फोडून वापरणारेही मी पाहिले आहेत. त्यांनाही हेच उत्तर.

शंका : मेटल हॅलाइड घेतलं, पण आमच्याकडे वीज जाते-येते. एकदा गेली की दिवा पुन्हा लागेपर्यंत चहा पिऊन होतो. स्क्रीनही कधी जळते, कधी कच्ची राहते. (मुरूम)

समाधान : तो दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. पेटल्यावरही पूर्ण तेजाला यायला काही मिनिटं लागतात. पेटल्या पेटल्या स्क्रीन ठेवली तर ती कच्ची राहणार. पत्र्याचं सरकतं झाकण बसवा, दिवा चालू ठेवा आणि झाकण उघडून वेळ मोजा. व्होल्टेज थोडं पडलं की अशा दिव्याचा उजेड त्याहून जास्त पडतो, म्हणून घड्याळ फसवं ठरतं. उजेड मोजून आपोआप बंद होणारा इंटिग्रेटर हा खरा उपाय. तो परवडत नसेल तर स्टॅबिलायझर. नव्याने घेणाऱ्याला मी मुरूमसारख्या ठिकाणी आता एलईडीच सांगेन. तो लगेच लागतो आणि इन्व्हर्टरवरही चालतो.

शंका : उन्हाळ्यात बरोबर बसलेली वेळ पावसाळ्यात चुकते. ट्यूब तीच, इमल्शन तेच. प्रसादाच्या कापडी पिशव्या छापतो. (तुळजापूर)

समाधान : ट्यूब तीच म्हणता, पण ती किती वर्षांची? डोळ्याला ती तशीच दिसते, मात्र तिचा यूव्ही डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या कितीतरी आधी उतरतो. बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहा.

मात्र तुमची खरी गोष्ट ओलाव्याची आहे. पिशवीला तुम्ही ४३ ची जाळी आणि जाड थर वापरता. पावसाळ्यात वरून कोरडा दिसणारा थर आतून ओला असतो. ओलं इमल्शन नीट घट्ट होत नाही, मग कितीही वेळ द्या. स्क्रीन बंद कपाटात, छापायची बाजू खाली करून, मंद गरम हवेवर रात्रभर वाळवा. कपाटात आर्द्रतामापक ठेवा आणि काटा पन्नासच्या खाली आल्याशिवाय एक्सपोज करू नका. उन्हाळ्यात उलटं जपावं लागतं. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डायझो मिसळलेला डबा पत्र्याच्या खोलीत ठेवला तर तो आपोआप खराब होतो. फ्रिजमध्ये ठेवा, पण मुलांच्या हाती लागणार नाही असा.

उन्हात एक्सपोज करणाऱ्यांनाही हे ऋतूंचं गणित भोवतं. आपल्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सावली नाहीशी होते, सूर्य थेट डोक्यावर असतो. जानेवारीच्या दुपारी तो बराच खाली असतो. पावसाळ्यात तर उजेड ढगांतून सगळीकडून येतो, म्हणजे कडाही मऊ आणि वेळही बेभरवशाची.

शंका : आजोबांच्या वेळची बायक्रोमेटची भुकटी शिल्लक आहे. पीव्हीएमध्ये मिसळून वापरली तर इमल्शन स्वस्त पडतं. हरकत आहे का? (अक्कलकोट)

समाधान : आहे, मोठी. स्कॉटलंडच्या मुंगो पाँटनने १८३९ मध्ये बायक्रोमेट लावलेला कागद उन्हात गडद होतो हे दाखवलं. फोटो स्टेन्सिलची सुरुवात त्यातूनच झाली आणि आपल्या आजोबांनी त्यावरच धंदा केला, हे खरं. पण तो षट्संयोजी क्रोमियम आहे. हाताला न भरणाऱ्या जखमा करतो, दीर्घकाळ श्वासात गेला तर कर्करोगाचं कारण ठरतो आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडलं तर पुढे शेतात जातं. भुकटी उघडू नका, कचऱ्यात टाकू नका. धोकादायक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यायची व्यवस्था करण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या कार्यालयात विचारा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना इमल्शनचा प्रकार, जाळीचा नंबर आणि रंग, किती थर दिले, दिवा कोणता आणि काचेपासून किती लांब, एवढं जरूर कळवा. जमल्यास पायऱ्यांच्या चाचणीची छापील पट्टीही पाकिटात घाला. जळकोटच्या वाचकांच्या पट्टीची मी वाट पाहतो आहे.