वसतिगृहातील औषधपेटी

परीक्षा तोंडावर आली की वसतिगृहातील विद्यार्थ्याला तापही परवडत नाही. मग शेजारच्या खोलीतील उरलेल्या गोळ्या कामी येतात. पावसाळ्यात हा शेजारधर्म महागात पडू शकतो. ताप डेंग्यूचा असल्यास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरे. परंतु सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही तेच असते. दोन्ही घेतल्यास मात्रा नकळत वाढून यकृतास इजा पोहोचू शकते. साध्या सर्दीवर प्रतिजैविके तर निरुपयोगीच; ती विषाणूंवर चालत नाहीत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीतील प्रतिजैविकांची विक्री औषध विक्रेत्याने स्वतंत्र वहीत नोंदवून ती नोंद ३ वर्षे जपावयाची असते. मित्राच्या कपाटातील अर्धवट पाकीट या नोंदीबाहेरच राहते. त्यावर तांबडी उभी रेघ आहे काय, एवढे तरी आधी पाहावे.